चार युनिटांपैकी तीन गरम हवेची

तुमचं पत्र आणि सोबतचं कोटेशन वाचलं. तुमचं वय 56, हाताशी तीन मजली वसतिगृह. दर्शनी भिंतीचं क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, सुटायला लागलंय, ते बदलणं भाग आहे. विक्रेता म्हणतो, साधं क्लॅडिंग कशाला, वीज आणि उष्णता दोन्ही देणारी सौर भिंतच बसवा, नऊ वर्षांत पैसे वसूल. त्यासाठी निवृत्तीची निम्मी पुंजी मोडावी का, हा तुमचा प्रश्न.

पुंजी मोडू नका. भिंतीला मात्र माझा सरसकट नकार नाही.

कोटेशनच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय: वीज 1, उष्णता 3, एकूण 4 युनिट. आणि चारही युनिटांना विजेचाच दर लावलाय! प्रमाण खोटं नाही. पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा वीज होतो, उरलेल्याची बहुतेक उष्णताच होते. मॉन्ट्रियलला कॉनकॉर्डिया विद्यापीठाच्या जॉन मोल्सन स्कूलच्या इमारतीवर अशी 288 चौरस मीटरची भिंत आहे. कमाल क्षमता 25 किलोवॉट वीज आणि 75 किलोवॉट उष्णता. पण तिथला हिवाळा लांबलचक, आणि वर्गांना दिवसभर ताजी हवा लागते. पॅनेलमागून ओढलेली कोमट हवा तिथे लगेच कामी येते. तुमच्याकडे मुलं आंघोळी उरकून सकाळीच बाहेर पडतात. भिंतीवर ऊन येतं तेव्हा खोल्यांना कुलपं असतात. जास्तीची वीज बहुतेक ठिकाणी ग्रिडला देता येते. जास्तीची गरम हवा कोणाला देणार?

शिवाय तुमच्याकडे हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, आधीच आहे. तो एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता देतो. म्हणजे भिंतीच्या तीन युनिट उष्णतेचं मोल एका युनिट विजेएवढंच. त्यातली निम्मी वाया जाईल असं धरलं, तर अर्ध्या युनिटाएवढं. चाराचे झाले दीड, आणि नऊ वर्षांची झाली चोवीस. (साधे गीझर असते तर हे गणित बरंच वेगळं निघालं असतं.)

आता विक्रेत्याच्या बाजूनेही बोलतो. क्लॅडिंगचा खर्च तुम्हाला चुकणार नव्हताच. कोटेशनचे 100 भाग धरले, तर तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून साध्या क्लॅडिंगचे 40 होतात. खरी जादा गुंतवणूक 60 भागांची, म्हणून चोवीस वर्षांची होतात साडेचौदा. डक्ट (हवा नेणाऱ्या नळ्या), पंखे, हीट एक्स्चेंजर (हवेतली उष्णता पाण्याला देणारं यंत्र) यांचे 20 भाग वगळून बघा: जादा खर्च 40, मिळकत एक युनिट. पुन्हा साडेचौदाच! मग फिल्टर साफ करण्याची आणि पंखे दुरुस्त करण्याची कटकट कशासाठी? त्या पंख्यांना लागणारी वीज तर कोटेशनमध्ये धरलेलीच नाही.

म्हणून फक्त विजेची भिंत घ्या, पण पॅनेलमागे खाली-वर उघडी अशी हवेची पोकळी ठेवायला लावा. पॅनेल 25 अंशांपेक्षा जितकं तापेल, तितकी दर अंशामागे 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. गरम हवा आपोआप वर निघून गेली की यातलं थोडंफार वाचतं. मात्र आग लागली तर हीच पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते. दर मजल्याला आग रोखणारा अडसर आणि न जळणारं इन्सुलेशन, या दोन गोष्टींवर घासाघीस करू नका. छत टाक्यांनी भरलंय असं लिहिलंत म्हणून, नाहीतर आधी तिकडेच पाठवलं असतं. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा उभ्या भिंतीला ऊन नुसतं चाटून जातं.

पैशांचं असं करा. क्लॅडिंगचे 40 भाग तुमच्या दुरुस्ती निधीतून. जादा 40 साठी कर्ज, पण विजेची बचत शून्य धरूनही वसतिगृहाच्या भाड्यातून हप्ता निघत असेल तरच. साडेचौदा वर्षांत व्याज धरलेलं नाही, आणि तोवर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारं यंत्र) एकदा बदलावा लागेल असंच समजा. हप्ता निघत नसेल तर साधं क्लॅडिंग लावून मोकळे व्हा. निवृत्तीनंतर अडीअडचणीला भिंतीचा तुकडा काढून विकता येत नाही.

सुधारित कोटेशन मागवताना उष्णतेच्या भागाची किंमत वेगळ्या ओळीत लिहायला सांगा. वरचे 20 भाग मी त्यांच्या सामानाच्या यादीवरून काढलेत. खरा आकडा आला की पाठवा, कर्जाची मुदत तेव्हा ठरवू.