उत्तेजक औषधाचा मेंदूवरचा परिणाम हवेच्या तापमानानुसार बदलतो का? एसी जिममध्ये घेतलं तर धोका कमी असतो का?

बदलतो. पुस्तकी उत्तर हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. मी लिहायला बसलो ते दुसऱ्या प्रश्नामुळे. कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान आहे आणि 'काका, एसीत घेतलं तर काय होत न्हाई म्हणत्यात' हे मी काउंटरवर ऐकत आलोय.

आमच्या साडूंची जिम आहे. पत्र्याचं शेड, भिंतीला दोन पंखे, मे महिन्यात दुपारी लोखंडी बारला हात लावला की चटका बसतो. पोलीस भरतीची पोरं तिथेच पडीक. त्यांच्यात मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनचं खूळ शिरलं. भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर तो वर आणायचं हे औषध, डॉक्टरांच्या हातातलं. चिठ्ठीशिवाय मागायला आलेल्याला मी हाकलून द्यायचो. त्यावर साडूंचं म्हणणं, "पाव्हणं, उगं घाबरवता पोरास्नी. थंडीभर घेत्यात, कुणाला काय झालंय का?"

थंडीत कुणाला काही झालं नव्हतं, हे खरं. मेमध्ये, वळवाच्या आधी जी घामेजलेली उमस असते त्या दिवसांत, त्यातल्या एकाने त्याच खोक्यातली बाटली, नेहमीचंच प्रमाण घेतलं आणि 1600 मीटरचा सराव करून शेडमध्ये आला. साडूंचा फोन : तापाला कुठली गोळी देऊ? मी गेलो तर पोरगं बाकावर चादर गुंडाळून. दातावर दात घट्ट, बडबड चाललेली, समोर कोण आहे ते कळत नव्हतं. बोटं गार आणि पांढुरकी, पण छातीवर हात ठेववत नव्हता. चादर ओढून काढली, पाइपने अंगावर पाणी सोडलं, दोन्ही पंखे त्याच्याकडे वळवले, समोरच्या रसवंतीतून बर्फ आणून काखेत आणि मानेला लावला, तोवर रिक्षा आली. वाचला. त्या वर्षीची भरती मात्र हुकली.

साडूंचा निकाल त्याच संध्याकाळी लागला : "माल भेसळीचा होता." तो वाद आजतागायत चालू आहे.

आता शास्त्र. अँफेटामिनच्या घराण्यातली औषधं (मेफेंटरमाइन त्यातलंच) मेंदूत आणि नसांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन ही अंगाला चेव आणणारी रसायनं सोडायला लावतात. स्नायूंत उष्णता वाढते आणि त्याच वेळी कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ती बाहेर पडत नाही. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं कोंबत राहायची आणि धुराडं बुजवायचं, तसा प्रकार. हवा गार असेल तर शरीर कसंबसं निभावतं, उमसीत घामही वाळत नाही. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे. मेंदूने ताप ठरवून वाढवलेला नसतो, उष्णता कोंडलेली असते.

आणि मेंदू तापला की तेच औषध त्याला जास्त जाळतं. शिकागो विद्यापीठात 1998 साली उंदरांना एमडीएमए (पार्ट्यांतली 'एक्स्टसी', तीही त्याच घराण्यातली) देऊन हे तपासलं. 20-22 अंशांच्या खोलीत मेंदूतल्या सेरोटोनिनला (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) धक्का लागला नाही, तितक्याच मात्रेने 28-30 अंशांत ते घटलं. आठ-दहा अंशांचा फरक म्हणजे आमच्याकडे पहाट आणि दुपार. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाचं कमाल तापमान 31 अंशांवर गेलं की कोकेनच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने वाढलेले होते.

पण मला सगळ्यात भयंकर वाटतो तो सायकलपटूंवरचा प्रयोग. मेथिलफेनिडेट (एकाग्रतेसाठी दिलं जाणारं उत्तेजक औषध) दिल्यावर 18 अंशांत त्यांचा वेग वाढला नाही, 30 अंशांत वाढला. पोरं इथे टाळी वाजवतील. थांबा. गरमीत दमायला होतं ते बऱ्याच अंशी मेंदूच 'बस कर' म्हणतो म्हणून. औषधाने ते सांगणं दाबलं गेलं. शरीराचं तापमान जास्त चढलं आणि सायकलपटूंना जास्त दमल्यासारखं वाटलंच नाही. 13 जुलै 1967 ला टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर भर उन्हात ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळून गेला, त्याच्या रक्तात अँफेटामिन निघालं होतं. 'मला काय होत नाही' हे वाटणं हाच औषधाचा परिणाम असतो, एवढं साडूंना कुणीतरी पटवून द्या.

जुने वस्ताद पहाटे मेहनत करून घ्यायचे, नंतर थंडाई पाजायचे आणि दुपारी पोरांना झोपवायचे. त्यांना डोपामिन ठाऊक नव्हतं, ऊन ठाऊक होतं.

एसीबद्दल : खोली गार झाली तरी व्यायामाने आतली भट्टी चालूच असते, आणि बाहेर उन्हात गाडीला किक मारता तेव्हाही औषध रक्तात असतं. शिवाय रक्तदाब आणि हृदयाचे ठोके एसीला विचारून वाढत नाहीत.

राहिलं ते सांगतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्यातली मात्राही मोठी होती, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका. आणि ज्या मुलांना डॉक्टरांनी एकाग्रतेसाठी मेथिलफेनिडेट लिहून दिलंय, त्यांच्या आईबापांनी हे वाचून गोळी बंद करू नये. उन्हाळ्यात खेळाबद्दल डॉक्टरांना विचारावं, इतकंच.

भेसळीचं म्हणाल तर त्याच खोक्यातल्या बाकीच्या बाटल्या पोरांनी डिसेंबरात संपवल्या होत्या. भेसळ काय मेमध्ये उगवली? यंदा साडूंनी शेडमध्ये एसी बसवलाय आणि पोरांना सांगतायत, आता काळजी नाही. हे उत्तर आधी त्यांनाच पाठवतोय.