विचारा बिनधास्त : अनोळखी साइटवर विमानाचं तिकीट स्वस्त दिसतंय, घ्यावं का?

प्रश्न : मुलगी-जावई सिएटलला असतात, मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे जाणार आहोत. (मी ६३, मिस्टर ६८, त्यांना व्हीलचेअर लागते.) स्कायस्कॅनरवर बघितलं तर एकच फ्लाइट आठ-दहा साइट्सवर दिसते आणि एका साइटवर दोघांचे मिळून एअरलाइनपेक्षा १९ हजार कमी आहेत. साइटचं नाव आयुष्यात ऐकलेलं नाही. मिस्टर म्हणतात घेऊन टाक, मुलगी म्हणते हात लावू नकोस. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काकू, मुलीचं ऐका. पण का ते नीट सांगतो, कारण ती साइट चोरच असेल असं अजिबात नाही, बहुतेक वेळा नसतेच.

आधी एक गोष्ट. स्कायस्कॅनर स्वतः तिकीट विकत नाही, गूगल फ्लाइट्सचंही सहसा तेच, ही मंडळी फक्त कोणाकडे काय भाव आहे ते दाखवतात. तुम्ही बटण दाबलं की तुम्ही भलत्याच साइटवर जाता आणि पैसे तिथे भरता. त्यामुळे 'स्कायस्कॅनरवरून काढलं' या वाक्याला तसा काही अर्थ नाही, काढलं कोणाकडून ते महत्त्वाचं. त्या यादीत अनोळखी वाटणारी बरीच नावं खरंतर मोठ्या कंपन्यांची असतात, गोटूगेट आणि मायट्रिप एकाच स्वीडिश ग्रुपच्या आहेत, ईड्रीम्स बार्सिलोनाची, किवी चेक रिपब्लिकमधल्या ब्रनोची. म्हणजे आपण नाव ऐकलं नाही म्हणून ते बोगस असं होत नाही, आणि नाव मोठं म्हणून सर्व्हिस चांगली असंही नाही.

मग स्वस्त कसं देतात? मी बरीच वर्षं तिकिटिंगच्या टेबलावर काढलीयेत त्यामुळे हे आतून माहितीये. एक म्हणजे कन्सॉलिडेटर. एअरलाइन काही मोठ्या एजंटांना आतल्या रेटने सीट देते, ते खालच्या एजंटांना देतात, प्रत्येक जण थोडं थोडं वर लावतो. हे अगदी सरळ आणि कायदेशीर काम आहे. दुसरं म्हणजे तिकिटावर शून्य नफा किंवा थोडा तोटाच सोसून पुढच्या पानांवर वसूल करायचं, सीटचे पैसे, इन्शुरन्स, 'फ्लेक्सिबल तिकीट', 'प्रीमियम सपोर्ट', आणि यातले एकदोन आधीच टिक केलेले. आपल्याकडे २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे साइटवर ग्राहकाला गंडवायच्या युक्त्यांच्या) गाइडलाइन्समध्ये न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं आणि शेवटच्या पानावर चार्जेस वाढवणं दोन्ही चुकीचं ठरवलंय, पण परदेशातल्या साइटला त्याचं काय पडलंय! तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, स्वस्त तिकीट हे तेच तिकीट नसतंच. बॅग नसलेलं फेअर असतं, नाहीतर दोन वेगवेगळी तिकिटं एकत्र चिकटवलेली असतात, मुंबई ते लंडन एक आणि लंडन ते सिएटल दुसरंच, बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलेलं. म्हणजे लंडनला इमिग्रेशनमधून बाहेर या, बॅगा घ्या, परत चेक-इन करा. बाहेर यायचं तर यूकेचा व्हिसा लागेल का ते आधी बघायला हवं, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही नो-शो, तिकीट गेलं. ६८ वर्षांच्या माणसाला व्हीलचेअरवर बसवून हा खेळ करायचा नाही.

आता ते १९ हजार. साइट परदेशी असेल तर किंमत रुपयात दाखवून पैसे बाहेर कापले जातात आणि बरीच क्रेडिट कार्डं त्यावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे जादा चार्ज लावतात, वर त्या मार्कअपवर जीएसटी. दोघांचं बिल अडीच लाख आणि मार्कअप साडेतीन टक्के धरला तर जीएसटी सोडूनही पावणेनऊ हजार तिथेच गेले. राहिले दहा, त्यात एका बॅगेचे पैसे वेगळे निघाले की हिशोब संपला. हे गणित कागदावर मांडून मिस्टरांना दाखवा, ते आपोआप गप्प बसतील. आणि एअरलाइनच्या साइटवर तुमच्या बँकेच्या कार्डाची ऑफर आहे का तेही बघून घ्या, लोक ते हटकून विसरतात.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. तिकीट एजंटने इशू केलं की त्याचा ताबा एजंटकडे राहतो. वेळ बदलली, कनेक्शन तुटलं, तारीख बदलायचीये, तुम्ही एअरलाइनला फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य येतं, 'प्लीज काँटॅक्ट युवर ट्रॅव्हल एजंट'. एजंट कुठे तर चॅटबॉटच्या मागे. त्यातून बुकिंगमध्ये बरेच एजंट स्वतःचाच ईमेल आणि फोन घालतात, त्यामुळे फ्लाइट चार तास आधी केल्याचा मेसेज तुम्हाला येतच नाही. व्हीलचेअरची रिक्वेस्ट साइटवर टिक केली तरी ती एअरलाइनपर्यंत पोचली की नाही ते तिकडे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी साइट जोखताना पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचतच नाही. ते लोकांनी बुकिंग झाल्या झाल्या लिहिलेले असतात, 'खूप सोपं, दोन मिनिटांत झालं'. पैसे घेताना सगळेच सोपे असतात हो. एक आणि दोन स्टारवाले वाचा, आणि त्यातही 'रिफंड', 'शेड्यूल चेंज', 'कॅन्सल' असे शब्द शोधून वाचा. तिथे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या लोकांनी कंपनीने शेवटी काय केलं ते लिहिलेलं असतं, तेवढं पुरे.

आयाटाचा (एअरलाइन्सची जागतिक संघटना, ती एजंटांना मान्यता देते) लोगो दिसला म्हणून विरघळू नका, तो फोटो कुणीही चिकटवतो. एजंटकडून आयाटा नंबर मागा, आयाटाच्या साइटवर कोड टाकून तपासायची सोय आहे. नंबर नसला तरी माणूस लबाडच असं नाही, आपल्या गल्लीतले कितीतरी प्रामाणिक एजंट दुसऱ्याच्या लायसन्सवर तिकीट काढतात. पण मग निदान त्याचं ऑफिस, जीएसटी नंबर आणि पक्कं बिल हवं.

आणि एवढं सांगूनही घेतलंच तर पैसे भरल्यावर लगेच हे करा, उद्यावर टाकू नका. मेलमध्ये साइटचा स्वतःचा बुकिंग नंबर येतो, तो उपयोगाचा नाही. एअरलाइनचा सहा अक्षरी पीएनआर मागा, एअरलाइनच्या साइटवर 'मॅनेज बुकिंग'मध्ये तो आणि आडनाव टाका. बुकिंग दिसलं तरी खूश होऊ नका! पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवलीये एवढंच, तिकीट इशू झालं नाही तर एअरलाइन ठरलेल्या वेळेनंतर ती जागा आपोआप सोडून देते. तिकीट म्हणजे १३ आकडी नंबर, पहिले तीन आकडे एअरलाइनचे, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, लुफ्तान्साचे २२०. दोघांचे दोन वेगळे नंबर हवेत. (इंडिगोसारख्या लो-कॉस्टमध्ये हा १३ आकडी प्रकार सहसा दिसत नाही, तिथे पीएनआर कन्फर्म दिसला आणि पैसे भरलेले दिसले की झालं.) आणि तिथेच स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घालून टाका, व्हीलचेअर पण तिथेच तपासा. पैसे कापून दोन दिवस 'युवर बुकिंग इज बीइंग प्रोसेस्ड' असाच मेल असेल आणि मग फोन आला की फेअर वाढलंय अजून सहा हजार भरा, तर एक रुपया भरू नका, कॅन्सल करून पूर्ण रिफंड मागा आणि दिला नाही तर बँकेत चार्जबॅक टाका, म्हणजे कार्डावरून कापलेले पैसे परत मिळवायची तक्रार. त्यासाठीच क्रेडिट कार्डाने भरायचं, यूपीआयने स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे परत आणणं फार जड जातं.

प्रश्न : आमच्या इथल्या देसी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जण न्यूअर्क-मुंबईची तिकिटं बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्यात देतो. कार्ड घेत नाही, फक्त झेल (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची इथली सोय). ग्रुपमधल्या दोघांनी त्याच्याकडून घेऊन प्रवास केलाय, काही प्रॉब्लेम आला नाही. ट्राय करावं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नको. पाच-सात टक्के कमी असेल तर मी म्हणेन कन्सॉलिडेटर असेल, चौकशी करू. निम्म्या भावात आतलं फेअरही मिळत नाही, मग ती सीट येते कुठून? एक तर कुणाचे तरी माइल्स (एअरलाइनने नेहमीच्या प्रवाशाला दिलेले पॉइंट्स) विकत घेऊन काढलेलं तिकीट. माइल्स विकणं जवळपास सगळ्या एअरलाइन्सच्या नियमात बसत नाही, कळलं की तिकीट कॅन्सल, आणि कळतं कधी तर कधीकधी चेक-इन काउंटरवर. नाहीतर चोरलेल्या कार्डावर काढलेलं. हा धंदा इतका मोठा आहे की युरोपोल एअरलाइन्स आणि कार्ड कंपन्यांना सोबत घेऊन अशा तिकिटांवर प्रवास करणाऱ्यांना विमानतळांवरच पकडायच्या मोहिमा काढत आलंय. तिथे तुम्ही सांगणार की मला माहीत नव्हतं, आणि सोबत घरची माणसं उभी!

दोघांनी प्रवास केला याने काही सिद्ध होत नाही, चोरीच्या कार्डाची तक्रार उशिरा आली तर प्रवास होऊनही जातो. आणि झेलने पाठवलेले पैसे म्हणजे कॅश दिल्यासारखेच, तुम्ही स्वतः पाठवले म्हणून बँक बहुतेक वेळा हात वर करते.

एजंटकडूनच घ्यायचं असेल तर तुमच्याकडे चांगले देसी कन्सॉलिडेटर आहेत, वर्षानुवर्षं धंद्यात आहेत, फक्त कार्डाने पैसे द्या आणि स्टेटमेंटवर नाव कोणाचं येतं ते बघा, एअरलाइनचं की एजंटचं. ज्याचं नाव तिथे, अमेरिकेच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे रिफंडची जबाबदारी त्याची. त्याच नियमात इंटरनॅशनल फ्लाइटची वेळ सहा तास किंवा जास्त सरकली आणि तुम्ही दुसरा पर्याय घेतला नाही तर पूर्ण पैसे परत मिळायला हवेत असं आहे. एजंट कॅलिफोर्नियातला असेल तर त्याला राज्याचं सेलर ऑफ ट्रॅव्हल रजिस्ट्रेशन लागतं, ते तिथल्या अॅटर्नी जनरलच्या साइटवर तपासता येतं. अजून एक, फ्लाइटला सात दिवस किंवा जास्त असतील तर २४ तासांत फुकट कॅन्सल करायचा (किंवा तेवढा वेळ भाव धरून ठेवायचा) जो नियम आहे तो एअरलाइनकडून थेट घेतलेल्या तिकिटाला आहे, एजंटला तो बंधनकारक नाही. काही जण स्वतःहून देतात, आधी विचारून घ्या.

प्रश्न : पुण्याला जायचं तिकीट एका अॅपवरून काढलं होतं, कॅन्सल केल्यावर 'नॉन-रिफंडेबल' म्हणून शून्य रुपये आले. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधला तर त्या माणसाने मोबाइलवर एक अॅप टाकायला सांगितलं. मी फोन ठेवला. बरोबर केलं ना?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : शंभर टक्के बरोबर. ते स्क्रीन शेअर करायचं अॅप असणार, एनीडेस्क किंवा तसलंच काहीतरी, टाकलं असतं तर तुमचे ओटीपी त्याला दिसले असते. गूगलवर सापडणारे कस्टमर केअर नंबर अनेकदा याच लोकांनी टाकलेले असतात. नंबर घ्यायचा तो अॅपच्या आतल्या हेल्प सेक्शनमधून, नाहीतर तिकिटावरून. कोणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितक्या लवकर तितकी खात्यात पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

रिफंडचं म्हणाल तर शून्य येऊ शकत नाही. आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियमात कॅन्सलेशन चार्ज बेसिक फेअर आणि फ्युएल चार्ज यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी टॅक्स आणि विमानतळाची यूडीएफ (युजर डेव्हलपमेंट फी) परत करावी लागते, कारण तुम्ही विमानतळ वापरलाच नाही. एजंटकडून किंवा पोर्टलवरून घेतलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीसुद्धा त्या नियमाने एअरलाइनवरच टाकलीये. अॅपवाल्याची स्वतःची कन्व्हीनियन्स फी मात्र बहुतेक गेलीच समजा. तिकिटाच्या पीडीएफमध्ये फेअरची फोड असते, त्यातले टॅक्स आणि यूडीएफचे आकडे लिहून अॅपला आणि एअरलाइनला एकाच मेलमध्ये दोघांना पाठवा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही. पंधरा दिवसांत हललं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, सोबत १९१५ ला म्हणजे नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला पण. रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका, पुण्याच्या तिकिटावर टॅक्स आणि यूडीएफ मिळून चांगले काहीशे रुपये निघतात.