कान उघडत नाही म्हणजे मी घाबरट का?

पावसाळा संपून डायव्हिंगच्या बोटी परत सुरू झाल्या की माझ्याकडे समुपदेशनाला ‘पाण्याची भीती घालवायचीय’ म्हणणारे एकदोन जण येतातच. हा पंचविशीतला मुलगा म्हापशाचा, बाकी ओळख पटेल असं सगळं बदललंय. मित्रांसोबत गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेला, दोनतीन मीटरवर कान असा काही ठणकला की हा वर आला, बाकीचे खाली जाऊन मासे बघून आले आणि परतीच्या बोटीत मग याची जी काय खेचली ती खेचली. “मॅडम, मी मनातून घाबरतो म्हणून कान उघडत नाहीत का?”

म्हटलं, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवून ये, मग बोलू. कारण पाण्यात १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, कानाच्या पडद्यामागची हवा आकसून निम्मी होते, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो सुरुवातीच्या मीटर-दोन मीटरमध्येच, १० वरून २० ला जाताना एवढा नाही. नाकाच्या मागून कानात जाणारी युस्टेशियन ट्यूब उघडून तिथे हवा पोचली नाही तर पडदा आत ओढला जाणार आणि दुखणार, माणूस शूर असो की भित्रा. याच्या नाकात ॲलर्जीची सूज निघाली, औषधं सुरू झाली.

मनाचं दुखणं वेगळंच होतं.

“दुखायला लागल्यावर काय केलंस?”

“सहन केलं. सगळे खाली जात होते ना.”

इथेच तर गोची आहे! दुखेपर्यंत थांबलं की नळीचं तोंड दाबाने मिटलेलं असतं, मग नाक दाबून कितीही फुंका, आणि फारच जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. पोराला पाण्याची भीती नव्हतीच, ‘थांबा’ म्हणायची लाज वाटत होती.

म्हणून श्वासाचे व्यायामबियाम फार न करता आम्ही खुणांचा सराव केला, मी इन्स्ट्रक्टर, तो खुर्चीत. पंजा आडवा धरून हलवायचा, मग कानाकडे बोट, म्हणजे ‘कानाचा त्रास होतोय’. हा सवयीने अंगठाच वर करत होता, तो तर पाण्यात ‘वर चला’ असतो, ‘मस्त’ नाही. बाकी तंत्र खऱ्या इन्स्ट्रक्टरने शिकवलं, उतरायच्या आधीच एकदा इक्वलाइज करायचं (म्हणजे नाक दाबून हलकेच फुंकून कानात हवा पोचवायची), मग थोडं थोडं खाली जाताना करतच राहायचं, दुखायची वाट बघायची नाही, पाय खाली ठेवून दोरी धरून सावकाश, अडलं तर जरा वर येऊन परत. फुंकून नाही जमलं तर नाक दाबून गिळून बघायचं.

एका मित्राने नाकात स्प्रे मारून उतर म्हणून सांगितलेलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको म्हटलं, खाली असतानाच त्याचा असर उतरला तर वर येताना हवा कानात अडकते.

पुढच्या ट्रिपच्या वेळी याला सर्दी झाली तर ग्रुपवर सरळ लिहिलं, ‘नाक बंद आहे, येत नाही’. मला विचाराल तर खरी प्रगती तीच. नंतर उतरलाही, डावा कान अजून उशिराच उघडतो, मग हा खूण करतो आणि इन्स्ट्रक्टर थांबतो.

आणि हो, डायव्हनंतर ऐकू कमी आलं, गरगरलं किंवा कानात सतत आवाज येत राहिला तर माझी अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठा.