योगामुळे सामूहिक चेतना वाढून समाजाचे प्रश्न सुटू शकतात का?

थेट सुटतील असं मला तरी वाटत नाही. भावातीत ध्यान (ट्रान्सेंडेंटल मेडिटेशन) शिकवणाऱ्या महर्षी महेश योगींच्या लोकांचा दावा होता की लोकसंख्येतल्या १ टक्का लोकांनी ध्यान केलं तरी गुन्हे कमी होतात, १९९३ ला वॉशिंग्टनमध्ये जवळपास ४००० जण जमवून प्रयोग पण केला, पण त्याच्या निष्कर्षांवर बरीच टीका झालीय. मला पटतं ते वेगळंच, पतंजलींनी सांगितलेल्या योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं येतं, पहिले यम, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं) वगैरे, दुसऱ्यांशी कसं वागायचं तेच आहे ना ते (ब्रह्मचर्य सोडा हवं तर). आपण नेमकं तेच स्किप करून डायरेक्ट मॅटवर. लाच खाणाऱ्याने रोज तासभर प्राणायाम केला तर फार तर त्याची झोप सुधारेल, समोर फाईल घेऊन उभ्या माणसाला काय फरक पडणार?