रात्री अकराचा आलेख

प्रिय मुली,

तुझा इंदूरच्या सराफ्यातल्या मोबाइल टॉवरचा आलेख पाहिला. रात्री अकराला एसएमएसचा सुळका उभा राहतो आणि खाली तू लिहिलंस, 'रात्री लोक एकमेकांशी जास्त संवाद साधतात.' मग मलाच विचारतेस, दिवसा तोच टॉवर इतका थंड का? अगं, रामबागेतून सराफा असा किती लांब आहे? जाऊन उभी राहा तिथे. सोन्याच्या पेढ्यांची शटरं पडली की ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू कंद. जो तो क्यूआर कोड स्कॅन करतो आणि पैसे कापल्याचा बँकेचा एसएमएस येतो. तुझ्या 'संवादा'तले किती संदेश माणसाने माणसाला लिहिलेत? पाठवणारा कोण, ते आधी वेगळं कर. गप्पा व्हॉट्सॲपवर चालतात आणि त्यांचा टॉवरला नुसता डेटा दिसतो.

'नेचर'मधला २००८ चा अभ्यास तू पाठवलास. एक लाख मोबाइलधारक, सहा महिने, बहुतेक माणसं मोजक्याच जागी परत परत जातात. फार चांगलं काम आहे. पण त्यातही माणूस कुठे होता हे कळतं ते कॉल किंवा एसएमएस झाला तेव्हाच. मधल्या तासांत तो कुठेतरी असतोच ना?

हेच मी एकदा विसरलो. मोबाइल टॉवर कुठे लावायचे ते ठरवणाऱ्या नेटवर्क प्लॅनिंगमध्ये असताना शहराबाहेरच्या एका मजूरवस्तीबद्दल लिहून दिलं, 'मागणी नाही.' बिलिंगच्या नोंदींत कॉल जवळजवळ नव्हतेच. टॉवर दुसरीकडे लागला. वर्षभराने तिथे गेलो, तर एक बाई टेकाडावर चढून सिग्नल शोधत होती. वस्तीचा सगळा कारभार मिस्ड कॉलवर. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे जेवायला येतोय. न उचललेल्या कॉलचं बिल होत नाही, म्हणून माझ्या कागदावर ती माणसं मुकी ठरली. आधी जाऊन उभा राहिलो असतो तर अर्ध्या तासात कळलं असतं. ते टेकाड अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलो. रंगपंचमीच्या गेरला, त्या रंगांच्या मिरवणुकीला, दरवर्षी राजवाड्यावर जाऊन उभा राहायचो. आवाजाचे चॅनल भरून जात, कॉल लागत नसे, एसएमएस मात्र सिग्नलिंगच्या, म्हणजे कॉल जोडण्याचे निरोप नेणाऱ्या वेगळ्या वाटेने निघून जाई. आकडा बघणारा म्हणाला असता, इंदूरकरांना सणाला लिहायला आवडतं. त्यांना बोलायचं होतं गं! वरिष्ठ म्हणत, तुझे रिपोर्ट उशिरा येतात. येत होते. बढती त्यातच गेली. पण 'मागणी नाही' हे शब्द मी न बघितलेल्या जागेबद्दल पुन्हा लिहिले नाहीत, आणि त्या उशिराचं मला आजही वाईट वाटत नाही.

चिडू नकोस. तुझी गणितं पक्की आहेत, म्हणूनच एवढं लिहितोय. शुक्रवारी रात्री साडेदहाला सराफ्यात ये. लॅपटॉप नको, वही आण. तासभर उभं राहून मोजू, किती जण स्कॅन करतात आणि किती जण रोख देतात. रोख देणारे तुझ्या आलेखात नाहीत. सुरुवात त्यांच्यापासून करू.

तुझा,
काका