आधी उतारा माग

पोरी,

काल रात्री पावणेबाराला तू शैक्षणिक कर्जाच्या वसुलीच्या नोटिशीचा फोटो पाठवलास आणि खाली एकच ओळ लिहिलीस, "दादा, सिम बदलू का?"

मला हसू आलं नाही. २०१२ साली चाकणच्या खोलीत मी माझं सिम कात्रीनं कापून मोरीत टाकलं होतं. नवा नंबर फक्त घरी दिला. घरचा नंबर मात्र बँकेकडे होताच. तुझ्याही कर्जावर सहकर्जदार म्हणून तुझ्या आईची सही आहे ना? मग तू सिम बदललंस की वसुलीचा माणूस तिला फोन लावेल आणि अंगणवाडीत खिचडी वाढता वाढता ती तो उचलेल. बदलायचं आहे सिम?

त्यापेक्षा या आठवड्यात एक रजा टाक, शाखेत जा आणि खातेउतारा माग. बाकी सगळं नंतर.

तुझे मेसेज मी पुन्हा वाचले. एका ठिकाणी म्हणतेस, "साडेचार असतील." दुसरीकडे, "एजंट सात सांगतो." पुढे, "दहापर्यंत जाईल म्हणे." कर्ज काढलं होतंस ३ लाख ६० हजारांचं. बी. फार्म झालेली मुलगी तू, गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये सांगतेस आणि स्वतःचं कर्ज अंदाजे? मला राग येतो तो याचाच. हप्ते थकले याचा नाही. मेडिकलच्या अठरा हजारांत पुण्यात खोलीभाडं देऊन कुणाचेही थकतील.

मलाही एका एजंटानं फोनवर अकरा लाख सांगितले होते. साडेतीन वर्षं मी ते अकरा लाख उशाशी घेऊन झोपलो. २००८ला इंजिनिअर झालो तेव्हा मंदी होती. साडेसहा हजारांवर ट्रेनी म्हणून लागलो, जमेल तसे हप्ते भरले, २०११च्या शेवटी कंत्राट संपलं आणि भरणं थांबलं. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं, तसं ते २०१२च्या मार्चमध्ये झालं. त्यानंतर मी तालुक्याला जाणंच सोडलं. दिवाळीलासुद्धा रात्रीच्या गाडीनं जायचो आणि पहाटेच्या गाडीनं परत यायचो.

२०१५च्या जूनमध्ये माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं उचलणं) अडलं. कारण मीच, माझ्या कर्जावर त्यांचीही सही होती. तेव्हा कुठे मी शाखेत गेलो आणि उतारा मागितला. पाच पानं निघाली. शेवटची शिल्लक ३,९७,७००. एनपीए झाल्यावर बँक व्याज खात्यात टाकत नाही, बाजूला मोजत राहते. ते धरून साडेपाच लाखांच्या आसपास. अकरा नाही. साडेपाच. जो आकडा नव्हताच त्याला मी साडेतीन वर्षं भीत होतो.

आमची आजी कुणाला बाहेरचं लागलं की तिठ्यावर दहीभाताचा उतारा ठेवून यायची. माझं भूत बँकेच्या उताऱ्यानं उतरलं.

पण उताऱ्यात आणखी एक गोष्ट होती, आणि खरं तर तीच सांगायला मी हे एवढं लिहितोय. जमेच्या रकान्यात रोख रकमा होत्या. ५००. ३००. ७००. ५००. दिवाळीनंतर एकदा १,०००. एकूण तेवीस नोंदी, १४,३०० रुपये. मी यातला एक रुपयाही भरलेला नव्हता. मी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडून तारखा लावल्या. सगळे मंगळवार. आपल्या तालुक्याचा बाजार. अण्णा मेथी-कोथिंबीर विकून उठायचे आणि गावी परतायच्या आधी बँकेत जाऊन माझ्या खात्यात पैसे भरायचे. मला कधी बोलले नाहीत. आईलाही नाही.

त्या पाच पानांवर पुढे काय झालं ते ऐक. मी ती घेऊन एका वकिलांकडे गेलो. त्यांनी नीट वाचली आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही शेवटचे पैसे २०११ला भरलेत. मुदतीच्या कायद्यानं बँकेला दावा लावायला तीन वर्षं. तुमच्यापुरती मुदत संपली असावी. वडिलांपुरती नाही. ते भरत आलेत, स्लिपांवर त्यांच्या सह्या आहेत, त्यांची मुदत दर वेळी नव्यानं सुरू झाली." म्हणजे पळालेला मी सुटलो होतो, आणि बाजारातून उठून पाचशे-पाचशे भरणारा माणूस अडकला होता. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. त्या खुर्चीवर मला बसवेना, एवढंच सांगतो.

तुला सांगतील, मुदत संपू दे, गप्प बस. असंही सांगतील की लेखी अर्ज दिलास तर कर्ज कबूल केल्यासारखं होतं आणि तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. ते खोटं नाही. म्हणून अर्ज देण्याआधी तालुका विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७च्या कायद्यातच तसं आहे. अर्जातले शब्द त्यांच्याकडून तपासून घे. बँकेनं 'इथं सही करा' म्हणून काही पुढे केलं तर वाचल्याशिवाय आणि प्रत घेतल्याशिवाय पेन उघडू नकोस. पण मुदत संपायची वाट बघत आईच्या मागे लपू नकोस. मी लपलो होतो. अण्णांच्या मागे.

धमक्यांचं थोडक्यात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२मध्ये ते स्पष्ट सांगितलंय. रात्री साडेनऊच्या कॉलचा स्क्रीनशॉट ठेव, बँकेकडे लेखी तक्रार कर, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. 'घराला कुलूप लावू' हे एजंटानं तुला घाबरवायला म्हटलंय. तू काही गहाण ठेवलेलं नाहीस, त्यामुळे सरफेसीची, म्हणजे गहाण मालमत्ता कोर्टाशिवाय ताब्यात घ्यायच्या कायद्याची, नोटीस तुला लागू होत नाही. बँकेला दिवाणी कोर्टातच जावं लागेल. हप्ते थकणं हा गुन्हा नाही. चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेलं तर मात्र वेगळी कलमं लागतात. तशी काही नोटीस आली असेल तर ती लपवू नकोस, माझ्यापासूनही.

आणि ती व्हॉट्सॲपवरची बातमी, की साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी असते, बँकेला ७५ टक्के मिळून जातात, मग आपण कशाला भरायचं. अगं, ती हमी बँकेसाठी आहे. तुझं देणं जागेवरच राहतं. 'राइट ऑफ' झालं म्हणजे माफ झालं, हाही तसलाच गैरसमज. बँकेनं स्वतःच्या ताळेबंदातून काढलं, तुझ्या नावावरून नाही. हे सगळं वाचायला तुला वेळ मिळतो आणि उतारा मागायला मिळत नाही?

उतारा म्हणजे नुसती शेवटची शिल्लक नको. कॉलेजला कोणत्या तारखेला किती पैसे गेले ते बघ. शिक्षण आणि त्यापुढचं वर्ष हप्ते न भरायच्या सवलतीचं होतं, त्या काळात व्याज कसं लावलंय ते बघ. एनपीएची तारीख माग. खात्यात न टाकलेलं व्याज वेगळं लिहून माग, दंड वेगळा. दंडावर व्याज चढवता येत नाही, हेही रिझर्व्ह बँकेनं २०२३मध्ये सांगितलंय, तेव्हा अलीकडच्या नोंदी बारकाईनं तपास. मंजुरीपत्राची प्रत घे. काउंटरवरचा मुलगा म्हणेल, "ॲपवर दिसतं ना मॅडम." तू म्हण, "शिक्क्यासह पाहिजे."

आता तडजोडीचं. मला लोकअदालतीत तीन लाख एकरकमी सांगितले होते. मी नाही म्हणालो. पुढचं सगळं व्याज देऊन १४,५००चे ४८ हप्ते भरले, २०१६ ते २०१९. जवळजवळ सात लाख. बायको अजून म्हणते, "तीन लाखांत सुटत होतास, चार लाख ताठ्याचे दिलेस." तिचं चुकत नाही. त्याच चार लाखांपायी माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन २०२१पर्यंत ढकललं गेलं, आणि ती चार वर्षं मोरीच्या कठड्याला धरून उठायची. मी स्वतःला समजावतो की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड'चा (तडजोडीनं मिटलं) शेरा नको होता, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) हवं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. अण्णांचे १४,३०० ज्या खात्यात गेले ते अर्ध्यावर मिटवायला माझं मन धजेना. मूर्खपणा म्हण हवं तर. आज पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा पूर्णच भरेन.

तू तसं करू नकोस. तुझे पैसे वाचत असतील तर तडजोड घे, शेरा सोस, काही वर्षांनी तो मागे पडेल. फक्त झेपेल तेवढंच कबूल कर. लोकअदालतीतला निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, त्यावर अपील नसतं, हप्ता चुकला तर तोच कागद तुझ्यावर उलटतो. आणि ऑफर फोनवर ऐकून पैसे पाठवायचे नाहीत. बँकेच्या लेटरहेडवर आकडा, तारीख, सही, आणि पैसे थेट कर्जखात्यातच. एजंटाच्या 'गुगल पे'वर एक रुपया टाकलास तर माझ्याशी बोलू नकोस.

पण तडजोड चांगली की वाईट हे कळायला हिशोब समोर लागतो. तो उताऱ्यात आहे. कंटाळलीस ना ऐकून? उतारा आणलास की बंद करतो.

माझं 'नो ड्यूज', देणं संपल्याचं पत्र, जानेवारी २०२०ला मिळालं. अण्णांना दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि सातबारा ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं. त्या तेवीस मंगळवारांबद्दल मी तेव्हाही विचारलं नाही, अजून विचारलेलं नाही. मागच्या महिन्यात त्यांच्याबरोबर बाजारात गेलो होतो. बँकेवरून सरळ रस्ता असताना ते पिठाच्या गिरणीमागच्या बोळातून वळले. मी म्हटलं, "अण्णा, इकडून कशाला?" म्हणाले, "सवय लागली."

बुधवारी जा. मंगळवारी बाजाराची गर्दी असते, कुणी नीट बोलणार नाही. अकरानंतर जा, तोवर कॅश उघडलेली असते. तपासून घेतलेल्या अर्जाच्या दोन प्रती ने आणि एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. आईचं आधार कार्ड बरोबर ठेव. उतारा मिळाला की सगळ्या पानांचा फोटो मला पाठव, जमेच्या रकान्यासकट.