जावयाने तिकडे यावं?

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचा एकुलता मुलगा २९ वर्षांचा, कळंगुटच्या एका हॉटेलात शेफ आहे. तिथेच काम करणाऱ्या मेघालयातल्या गारो मुलीशी त्याने लग्न ठरवलंय. मुलगी गुणी आहे. दोन वर्षं चवथीला आमच्याकडे येते, माटोळी बांधायला हात लावते. पण तिच्या घरून निरोप आलाय की जावयाने तिकडे गारो टेकड्यांत, तुऱ्याला राहायला यावं आणि मुलांना आडनाव आईचं लागेल. यजमान म्हणतात, आमच्या घराण्यात घरजावई कोणी झालेला नाही. मला रात्र रात्र झोप नाही. त्याला तिथे जमीन तरी मिळेल का?
— एक आई, म्हापसा

उत्तर: यजमानांच्या बदलीमुळे मी तीन वर्षं तुऱ्याला काढली. आमची घरमालकीण गारो होती. पुढे लिहिते त्यातलं बरंचसं तिच्या ओसरीवर बसून पाहिलेलं आहे.

आधी मुलीला एकच विचारा: तू नोकना आहेस का? गारोंमध्ये घर आणि त्यामागची मालमत्ता मुलीकडे जाते, पण सगळ्या मुलींकडे नाही. आईबाप एकीला निवडतात, ती नोकना. शेजारच्या खासींमध्ये हा मान धाकटीचा ठरलेला असतो, इथे निवड करता येते. आमच्या घरमालकिणीने तिघींतली मधली निवडली होती. ‘हिचा जीव या घरात आहे,’ एवढंच कारण तिने मला सांगितलं.

नोकनाचा नवरा तो नोक्रोम. तो सासरी राहतो, सासू-सासऱ्यांना शेवटपर्यंत बघतो. आणि रीत अशी की तो सासऱ्याच्या बहिणीचा मुलगा असावा, निदान सासऱ्याच्या कुळातला तरी. आपल्याकडे मामाची मुलगी करतात ना, तेच हे. फक्त मुलगा मामाच्या घरी नांदायला जातो. घर आईच्या कुळाचं राहतं आणि ते सांभाळायला बापाच्या कुळातला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या येत राहतो.

तुमचा मुलगा सासऱ्याचा भाचाही नाही आणि त्याच्या कुळातलाही नाही. म्हणून मला वाटतं, मुलगी बहुधा नोकना नसावी. नोकना सोडून बाकीच्या मुली लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड करतात, आणि तसं असेल तर ‘इकडे या’ हा आग्रह आईच्या मायेचा आहे, त्यावर बोलता येईल. ती खरंच नोकना असेल, तर तुमच्या मुलासाठी त्या माणसांनी केवढी मोठी रीत वाकवली आहे, हे यजमानांना शांतपणे सांगा. मुलगी दोन-अडीच हजार किलोमीटरवर नोकरीला आणि म्हातारी माणसं घरी, हा घोर त्यांनाही आहे. तिच्याऐवजी दुसऱ्या बहिणीला किंवा मावशीच्या मुलीला नोकना करता येतं. तेही विचारा.

आता जमीन. ती तुमच्या मुलाच्या नावावर होणार नाही. मेघालयात १९७१च्या कायद्याने आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जायला आडकाठी आहे, आणि ती असावी असंच माझं मत आहे. शिवाय तिथली बरीच जमीन ‘आकिंग’, म्हणजे कुळाची. तिच्या प्रमुखाला नोकमा म्हणतात. हक्क बाईच्या अंगाने येतो, कारभार तिचा नवरा बघतो आणि दोघांवर लक्ष ठेवतात ते ‘च्रा’, म्हणजे बाईचे भाऊ आणि मामा. आमचं भाडं वाढवायचं होतं तेव्हासुद्धा घरमालकिणीचा थोरला भाऊ दोन तास बस करून आला होता. बायकांचं राज्य वगैरे जे कानावर येतं, ते मनातून काढून टाका.

आपल्या गोव्यातल्या कोमुनिदादी, म्हणजे गावकारांच्या सामाईक जमिनी, त्याही गावाच्याच, पण तिथे गावकाराची जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, पुरुषाच्या वंशाने चालते, लेकीला ती मिळत नाही. वाडवडिलांची घरं-बागा मात्र कायद्याने मुलामुलीला सारख्या, आणि तरी किती बहिणी वाटण्यांच्या वेळी हक्कसोडावर सही करतात, ते फोंड्यातल्या माझ्या दोन नणंदांना विचारा.

तिकडेही आता ताण आहे, आणि गंमत नव्हे, तो काजूने आणलाय. पूर्वी डोंगरावर झूम शेती होती, आपल्याकडच्या कुमेरीसारखी: एक-दोन वर्षं पीक घ्यायचं, मग जमीन परत कुळाकडे. काजू, सुपारी, रबर लावलं की झाड पंचवीस-तीस वर्षं उभं. जमीन परत जातच नाही. ज्याने लावलं, पाणी घातलं, तो म्हणतो, कागद माझ्या नावाने करा. घरमालकिणीच्या नवऱ्याने दोनशे काजू स्वतःच्या हाताने लावले होते. त्याला ते मुलांना द्यायचे होते, मुलींना नव्हे. त्या दोघांचं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलंय. मला तोही चुकीचा वाटला नाही. पण असे कागद वाढत गेले तर मधल्या मुलीला सांभाळायला काय उरेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

आडनावाचं म्हणाल तर लोकसभेचे सभापती झालेले पूर्णो अगितोक संगमा आठवा. मुलगा मेघालयाचा मुख्यमंत्री झाला, त्याचं नाव कॉनराड कोंगकल संगमा. अगितोक गेलं, कोंगकल आलं, ते आईकडून. बापाचा मान त्याने तसूभर कमी झाला नाही.

एक गोष्ट मात्र लग्नाआधीच करा. गोव्यात वेगळा करार नसेल तर लग्नाने दोघांची मालमत्ता सामाईक होते, अर्धी-अर्धी. तुमची बाग उद्या मुलाकडे आली की तीतही सुनेचा वाटा असेल. मला हे योग्यच वाटतं. पण तिचं आकिंग तिच्या एकटीचं नसल्याने त्यात तुमच्या मुलाचा वाटा येणार नाही. हे चौघांनी नोटरीसमोर बसून समजून घ्या, नंतर कुणी कुणाला फसवलं म्हणायला नको.

आणि निरोपानिरोपी थांबवा, स्वतः जा. गुवाहाटीपर्यंत विमान, पुढे तुऱ्यापर्यंत मोटारीने अख्खा दिवस धरा. नोव्हेंबरात गेलात तर सुगी संपलेली असते, वांगाळाचे, म्हणजे गारोंच्या सुगीच्या सणाचे, ढोल ऐकायला मिळतील. मुलीचे आईवडील पाहुणचार करतील, गोड बोलतील, पण शब्द घ्यायचा तो तिच्या मामाचा. त्याला भेटल्याशिवाय परतू नका.